घर कोणीं सोडावें?

आसामांतील कोक्राझार या गांवीं आम्ही २००५ सालच्या डिसेंबरांत दोन आठवडे राहिलों होतों. आमचे एक स्नेही बँकेच्या नोकरीनिमित्त तेथें होते, आणि ‘एकदां येऊन जा’ अशीं त्यांचीं पत्रें तीन वर्षें येत होतीं. अखेर निवृत्तीनंतरच्या रिकामपणानें आमच्या आळसावर मात केली व आम्ही निघालों. गांवांत पाऊल ठेवतांच आमची जी पहिली फजिती झाली ती दुकानांच्या पाट्या वाचतांना. अक्षरें सगळीं आपलीं, काना-मात्रा ओळखीच्या. पण शब्द मात्र एकहि लागेना! बोडो भाषा आपल्या आर्यकुळांतली नव्हे, तिबेटी-ब्रह्मी कुळांतली. परंतु ती लिहिली जाते देवनागरींत. १९७४ सालीं रोमन लिपीच्या मागणीसाठीं तेथें मोठें आंदोलन झालें, त्यांत माणसें मेलीं, आणि शेवटीं १९७५ सालीं देवनागरी ठरली. ते लोक आपलें नांव लिहितात तें ‘ब’ आणि ‘र’ या दोन अक्षरांनीं, आणि ‘र’च्या डोक्यावर एक लहानसें चिन्ह देतात, उच्चार मात्र ‘बोरो’ किंवा ‘बोडो’ असा गोल. अक्षर वाचतां येतें म्हणून अर्थ कळला असें समजूं नये, हा धडा आम्हांस त्या पाट्यांनीं दिला खरा, पण तो आम्ही लगेच विसरलों, हें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईलच.

आमच्या स्नेह्यांच्या ओळखीचे एक बोडो शिक्षक होते. त्यांनीं एके दिवशीं आम्हांस आपल्या गांवीं नेलें. धुकें नुकतेंच विरलें होतें. वाटेवर दोहों बाजूंस कापून झालेलीं भातशेतें, मधून मधून मोहरीचा पिवळा पट्टा, आणि प्रत्येक घराभोंवतीं पोफळी. आम्ही कोंकणचे, पोफळ पाहिली कीं परकेपणा निम्मा जातो. ज्या घरीं आम्ही गेलों तेथें अंगण शेणानें सारवलेलें होतें आणि अंगणाच्या एका कोपऱ्यांत बांबूच्या कामट्यांचें लहानसें गोल कुंपण होतें. त्याला पांच वेढे घातलेले, व मध्यें निवडुंगाच्या जातीचें एक कांटेरी झाड. त्याला ते सिजौ म्हणतात. तीच त्यांची बाथौ देवता. मूर्ति नाहीं, देऊळ नाहीं. आपल्या तुळशीवृंदावनाची आठवण कोणासहि व्हावी.

ओसरीवर मागाशीं एक पन्नाशीची बाई विणीत बसली होती. बोडो बाईच्या घरीं माग नाहीं असें सहसा होत नाहीं. छातीपासून घोट्यापर्यंत गुंडाळण्याचें त्यांचें दखना नांवाचें वस्त्र त्या घरींच विणतात. अंगणांत एक वयस्क गृहस्थ बांबू चिरीत होते. एक विशीची मुलगी चहा घेऊन आली, आणि त्या गृहस्थांना हांक मारतांना ‘आदै’ म्हणाली. शिक्षकांस आम्हीं अर्थ विचारला. वडिलांच्या धाकट्या भावाला, म्हणजे काकाला, असें म्हणतात, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं मनाशीं कुटुंबाचा तक्ता मांडला: विधवा बाई, तिची मुलगी, आणि आश्रयाला राहिलेला किंवा शेती पाहणारा दीर. अक्षरें वाचून झालीं!

परततांना वाटेंत शिक्षकांनीं तो तक्ता मोडला. ते गृहस्थ त्या बाईचे दीर नव्हते, नवरे होते. तिचा पहिला नवरा बारा वर्षांपूर्वीं वारला. हे शेजारच्या गांवचे विधुर. गांवच्या वडीलधाऱ्यांसमक्ष त्यांचें ठरलें. गांवाला जेवण झालें, डुकराचें मांस आणि जौ, म्हणजे भाताची दारू, यांखेरीज तेथें कोणतेंहि शुभकार्य पुरें होत नाहीं. आणि हे गृहस्थ आपलें थोडेंसें सामान घेऊन त्या बाईच्या घरांत राहावयास आले. या प्रकाराला ‘दंखा हाबनाय’ म्हणतात. ‘हाब’ या धातूचा अर्थ ‘आंत शिरणें’, ‘प्रवेश करणें’. त्या गांवच्या चालीप्रमाणें अशा पुरुषानें आपल्या बापाच्या मिळकतीवरचा हक्क सोडावयाचा, आणि आडनांवहि मृत नवऱ्याचें घ्यावयाचें. बोडो समाजांत आडनांव म्हणजे केवळ ओळखीची चिठ्ठी नव्हे. बसुमतारी, नार्जारी, मोसाहारी हीं कुळांचीं नांवें आहेत, आणि एकेका कुळाचा कशाशीं ना कशाशीं जुना संबंध आहे. मोसाहारी हे वाघाचे. गांवाजवळ वाघ मेला तर त्यांनीं सुतक पाळावें, असा त्यांचा जुना आचार नोंदलेला आहे. तें कुळ एका बाईसाठीं सोडावयाचें ही लहान गोष्ट नव्हे.

‘लोक हंसतात का त्यांना?’ आम्हीं विचारलें.

‘थोडे हंसतात,’ शिक्षक म्हणाले, ‘पण जेवायला सगळे आले होते.’

आम्हीहि हंसलों. आपल्याकडे घरजांवयावर जेवढ्या म्हणी आहेत त्या सर्व आमच्या जिभेवर आल्या. आणि मग, रस्त्याच्या त्याच वळणावर, आमचें हंसणें एकाएकीं थांबलें. त्याचें कारण पुढें सांगूं.

घरीं परतल्यावर आम्हीं या विषयावर जें हातीं लागलें तें वाचलें. या लोकांस ‘बोडो’ या नांवानें युरोपीय विद्वानांत प्रथम प्रसिद्ध केलें तें ब्रायन हॉजसन यानें, १८४७ सालच्या आपल्या ग्रंथांत. पण त्यांच्या घरांत ज्याचें जाणें-येणें होतें असा लेखक म्हणजे सिडनी एंडल हा मिशनरी. दरंग जिल्ह्यांत कचाऱ्यांमध्यें, म्हणजे बोडोंच्याच एका शाखेंत, त्यानें आयुष्याचा बहुतेक भाग घालविला, आणि त्याचें ‘कचारी’ या लोकांवरील पुस्तक त्याच्या मरणानंतर १९११ सालीं निघालें. त्यांत तो सांगतो कीं विधवेच्या पुनर्विवाहाला या समाजांत मुळींच आडकाठी नाहीं. मात्र तिनें नवऱ्याच्या धाकट्या भावाशीं लग्न करावें, थोरल्याशीं कदापि नाहीं. आणि हाच नियम पुरुषालाहि लागू: बायको मेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीशीं लग्न चालेल, थोरलीशीं नाहीं, कारण थोरली मेहुणी आईच्या ठिकाणीं. नियमाचीं दोन्ही पारडीं सारखीं आहेत, हें आम्हांस मोठें नवल वाटलें. आपल्याकडे पुरुषानें मेहुणीशीं लग्न केलें तर ‘मुलांना मावशीच आई मिळाली’ म्हणून सगळे समाधान मानतात. बाईनें दिराशीं लग्न केलें तर मात्र उच्चवर्णीयांत तोंड दाखवावयास जागा उरत नसे. वास्तविक ‘देवर’ म्हणजे ‘दुसरा वर’ अशी व्युत्पत्ति निरुक्तांत दिलेली आहे. शब्द आम्हीं जपून ठेवला आणि त्यांतील अर्थ विटाळाच्या खोलींत टाकला.

दिराशीं लग्न लावण्याच्या चालींत सगळें विधवेचेंच हित पाहिलेलें असतें असा भ्रम मात्र कोणीं करून घेऊं नये. बोडोंत कन्येचें मूल्य देण्याची चाल जुनी आहे. मूल्य देऊन आणलेली, हातीं माग असलेली, शेतांत रोपें लावणारी सून घरांतून जाणें हें त्या घराचें नुकसान, आणि धाकटा भाऊ हा त्या नुकसानीवरचा सोपा उपाय. एवढा हिशेब तर कोणत्याहि शेतकरी समाजाला करतां येतो. आमच्या मतें या समाजाची खरी थोरवी दिराच्या चालींत नसून त्या दुसऱ्या चालींत आहे, जींत विधवा आपल्या चुलीपाशीं राहते आणि बाहेरचा पुरुष उंबरा ओलांडून येतो. बोडो भाषेंतील पहिलें छापील पुस्तक म्हणून जें सांगितलें जातें तें १९१५ सालचें गंगाचरण कछारी यांचें पुस्तक हें समाजाच्या रूढ नियमांचेंच आहे. ज्या भाषेला छापखाना मिळतांच तिनें पहिल्यानें आपले कायदे छापावे, ते लोक रूढीला वाऱ्यावर सोडणारे नव्हेत. आजहि हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्यावांचून, लागू होत नाहीं. आणि १९५६ च्या त्या कायद्यांतच तसें स्पष्ट लिहिलें आहे. म्हणून त्या अंगणांतला बांबू चिरणारा गृहस्थ कोणत्या हक्कानें तेथें बसला आहे याचें उत्तर पुस्तकांत नसून गांवाच्या आठवणींत आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. महाराष्ट्रांत विधवाविवाह नव्हता असें म्हणणें हा पांढरपेशांचा अहंकार आहे. कुणब्यांत, माळ्यांत, धनगरांत आणि कित्येक जातींत पाट किंवा मोहतूर ही चाल पूर्वापार होती. पेशवाईंत तर त्यावर पाटदाम नांवाची पट्टी सरकारांत भरावी लागे. परंतु पाट लागे तो रात्रीं, अंधाऱ्या पक्षांत, वाजंत्र्यांवांचून. आणि लग्नाची बायको व पाटाची बायको यांतला फरक मरेपर्यंत पुसला जात नसे. बोडोंच्या गांवजेवणाशीं याची तुलना करावी म्हणजे परवानगी आणि मान या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत हें कळेल. शिवाय पाटांतहि घर सोडावयाचें तें बाईनेंच.

पांढरपेशांची सुधारणा सुरू झाली ती १८५६ च्या कायद्यानंतर. विष्णुशास्त्री पंडित यांनीं १८६६ सालीं पुनर्विवाहोत्तेजक मंडळी काढली, १८६९ सालीं मुंबईस पहिला गाजलेला पुनर्विवाह झाला, १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांपुढें वाद झाला. शास्त्रार्थांत कोणाचा जय झाला यावर अद्यापहि लिहिलें जातें. कलियुगांत पराशराचें वचन चालतें कीं नाहीं, कन्यादान दुसऱ्यांदा होतें कीं नाहीं, या प्रश्नांनीं त्या काळच्या मासिकांचीं पानेंच्या पानें भरलीं. परंतु ज्या कायद्यावर सर्वांची भिस्त होती त्याचें दुसरें कलम किती जणांनीं आपल्या बहिणीला वाचून दाखविलें असेल? त्या कलमांत असें होतें कीं विधवेनें पुनर्विवाह केला कीं नवऱ्याच्या मिळकतींतला तिचा हयातीचा हक्क संपला, जणूं काय ती त्या क्षणीं मेलीच. आणि तिसऱ्या कलमांत असें कीं मृताच्या नातलगांनीं कोर्टाकडे जाऊन मुलांचा पालक दुसरा नेमून घ्यावा. कायदा तिला मंगळसूत्र देई आणि त्याच हातानें किल्ल्या काढून घेई. ज्या जातींत पाट आधींपासूनच होता, ज्यांना या कायद्याची मुळीं गरजच नव्हती, त्यांच्या विधवांनाहि हें मिळकतीचें कलम लागतें असा निर्णय मुंबईच्या हायकोर्टानें दिला. अलाहाबादच्या हायकोर्टाचें मत याच्या उलट होतें. एका विधवेचें घर राही आणि दुसरीचें जाई, तें ती गंगेच्या कांठीं राहते कीं कृष्णेच्या यावर!

सुधारकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या डोळ्यांपुढें जी विधवा होती ती बहुतकरून बालविधवा होती: माहेरीं परत आलेली, मूल नसलेली, सासरच्या उंबऱ्याची नीट ओळखहि नसलेली. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९३ सालीं गोदूबाईंशीं विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनीं त्यांस वाळींत टाकलें. त्या गोदूबाईहि बालपणींच विधवा झालेल्या, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांना सोडावयास घर नव्हतें, मिळवावयाचें होतें. पण जिला घर आहे, परसू आहे, पदरीं मूल आहे, जी चार वर्षें संसार करून बसली आहे, अशी विधवा सुधारणेच्या चित्रांत कोठेंच बसत नव्हती. अशी एक विधवा आमच्या घरांत होती, आणि तिचें नांव आम्हीं कधीं सुधारणेच्या संदर्भांत आदरानें घेतलें नाहीं.

ती आमची आत्या. १९४६ सालीं ती बाविसाव्या वर्षीं विधवा झाली. चार वर्षांचा मुलगा, कोंकणांत नवऱ्याचें घर, पन्नास-साठ पोफळी, एक विहीर आणि दोन दीर. आमचे वडील सुधारक मताचे. घरीं मासिकें येत, कर्व्यांच्या संस्थेस दरसाल वर्गणी जाई, आणि आत्याचे केस काढण्याचा प्रश्न त्यांनीं नुसता निघूंहि दिला नव्हता. १९४९ सालीं त्यांनीं आपण होऊन एक स्थळ आणलें. पुण्याचे एक शाळामास्तर, विधुर, अपत्य नाहीं, वय पस्तीस, निर्व्यसनी, स्वभावानें इतके सौम्य कीं आमच्या घरीं जेवावयास आले तेव्हां मीठ कमी आहे हेंहि त्यांच्यानें सांगवलें नाहीं. आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. माजघराच्या दाराआडून आम्हीं सर्व ऐकलें.

वडिलांनीं सर्व समजावून सांगितलें. दिरांकडून आधींच निरोप आला होता: वहिनींनीं खुशाल लग्न करावें, पण मग वांटा आमचा आणि मुलगा आमचा. वकिलांनींहि सांगितलें कीं कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. १९३७ च्या कायद्यानें विधवेला नवऱ्याच्या वांट्यांत हक्क दिला होता खरा, पण तो हयातीपुरता. आणि पुनर्विवाहानंतर ती कायद्यापुढें हयात नव्हतीच. ‘मुलाला सुटींत भेटतां येईल,’ वडील म्हणाले. आत्या बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘दादा, मास्तर चांगले आहेत, मला पसंत आहेत. पण ते आमच्याकडे राहायला येतील का?’

क्षणभर कोणाला कांहीं कळलें नाहीं. आणि मग घरांत जें हंसूं पिकलें तें पुढें कित्येक वर्षें पिकत राहिलें. मास्तरांनीं पुण्याची नोकरी सोडून विधवेच्या परसांत शिंपणें करावें! आई हा प्रसंग पाहुण्यांना सांगे. आम्ही भावंडें कोणी भलतेंच कांहीं मागितलें कीं म्हणत असूं, ‘ते आमच्याकडे राहायला येतील का?’ वडील हंसले नाहींत. ते रागावले. जिच्यासाठीं लोकांचा रोष पत्करावयाचा तीच मागें फिरते, असें त्यांना वाटलें. मास्तरांना नकार गेला. त्यांनीं पुढें दुसरीकडे लग्न केलें असें कानांवर आलें. आत्या परत कोंकणांत गेली.

आमचा अपराध यानंतरचा आहे. १९५८ सालीं आम्ही कॉलेजांत होतों, आणि कॉलेजच्या वार्षिकांत आम्हीं एक निबंध लिहिला. विषय होता सुधारणेच्या मार्गांतील अडथळे. त्यांत आम्हीं असें प्रतिपादिलें होतें कीं पुरुष पुढें गेले तरी स्त्रियाच रूढीला चिकटून राहतात. आणि दाखला म्हणून, नांव न देतां, आत्याचा प्रश्न आम्हीं जसाच्या तसा घातला. वार्षिकांत तो परिच्छेद सर्वांना आवडला. आमच्या प्राध्यापकांनीं वर्गांत वाचून दाखविला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला यापेक्षां अधिक काय हवें असतें? आम्हीं मोठ्या दिमाखानें एक प्रत आत्याला पाठविली. तिला आपला उल्लेख कळेल आणि ती खजील होईल एवढेंहि आमच्या मनांत आलें नाहीं, किंवा खरें सांगावयाचें तर थोडेंसें आलें होतें.

तिचें उत्तर कार्डावर आलें. निबंध वाचला, अक्षर छान छापलें आहे, यंदा सुपारी बरी झाली आहे, दिवाळीला पाठवीन. एवढेंच. आज वाटतें, निबंध लिहिण्यापूर्वीं आम्हीं एखादा वकील तरी गांठावयाचा होता. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला होता. म्हणजे ज्या स्थळाला तिनें १९४९ सालीं नाहीं म्हटलें, तें सात वर्षांनीं आलें असतें तर तिच्या घराला धक्का लागला नसता. आम्ही ज्या वर्षीं तिला रूढिप्रिय म्हणून छापीत होतों, त्याच्या दोन वर्षें आधीं कायदा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता, पण तोंवर ती चौतीस वर्षांची झाली होती आणि तिला विचारणारें कोणी उरलें नव्हतें. १८५६ चा तो जुना कायदा तर पुढें १९८३ सालीं रद्दच झाला. आत्या १९९१ सालीं वारली. ‘तुझें म्हणणें आम्हांला कळलें नव्हतें’ हें वाक्य तिला सांगावयाचें राहिलें. आणि त्याचें कारण असें कीं तोंवर तें आम्हांला खरोखरच कळलें नव्हतें. कळलें तें चौदा वर्षांनंतर, कोक्राझारच्या रस्त्यावरील त्या वळणावर, जेथें आमचें हंसणें थांबलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं शिक्षकांस गळ घातली आणि पुन्हां त्या घरीं गेलों. या वेळीं त्या गृहस्थांना आम्हीं वांकून नमस्कार केला, ते गोंधळले. बाईनें माग थांबविला नाहीं. आम्ही विचारीत होतों, शिक्षक मध्यें दुभाष्याचें काम करीत होते, आणि धोटा इकडून तिकडे जात होता. ‘तुम्ही त्यांच्या घरीं कां गेलां नाहीं?’ असें आम्हीं विचारलें. तिनें उत्तर दिलें कीं तिकडे गेलें असतें तर इकडचें भात कोणीं कापलें असतें? मग तिनेंच विचारलें: तुमच्या देशांत नवरा मेल्यावर बाई काय करते? आम्ही अर्थातच कर्व्यांच्या गोष्टीवर आलों. पुण्याचे एक मोठे गणिताचे प्राध्यापक, त्यांनीं विधवेशीं लग्न केलें, गांवानें वाळींत टाकलें, पण ते डगमगले नाहींत, विधवांसाठीं आश्रम काढला, शंभर वर्षांहून अधिक जगले, सरकारनें त्यांस भारतरत्न दिलें. शिक्षकांनीं तें भक्तिभावानें सांगितलें. बाईनें मान हालविली, आणि विचारलें, ‘मग तिचें घर?’ शिक्षकांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सांगितलें कीं तिचें घर नव्हतें. ‘हं,’ ती म्हणाली, आणि तुटलेला धागा जोडूं लागली.

या समाजांत सर्व विधवा सुखी आहेत असें चित्र आम्ही रंगवूं तर तोहि १९५८ च्या निबंधासारखाच प्रकार होईल. त्याच भागांत एकट्या राहणाऱ्या बायांवर, त्यांत विधवाहि आल्या, चेटकीण म्हणून आळ घेतला गेला आहे. त्यांना मारलें गेलें आहे, गांवाबाहेर हांकललें गेलें आहे. त्यामागें कधीं आजारपणाची भीति असते आणि कधीं शेजाऱ्याची तिच्या जमिनीवरची नजर. गोलपाडा भागांतल्या बिरुबाला राभा या बाईंनीं याविरुद्ध उभा जन्म घालविला. त्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, त्या २०२४ सालीं वारल्या. आणि आसामच्या विधानसभेनें २०१५ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला. आमच्या शिक्षकांनीं या गोष्टी आमच्यापासून लपविल्या नाहींत. उलट ते एवढेंच म्हणाले कीं जिच्या अंगणांत पुरुष बांबू चिरीत बसलेला असतो तिच्या वाटेला कोणी सहसा जात नाहीं. म्हणजे हें घरांत शिरणें केवळ प्रीतीचें नव्हे, राखणीचेंहि आहे. जमीन बाईची राहावी पण दारांत पुरुष दिसावा, ही तडजोड आहे. आणि ज्या पुरुषाला ती करतांना कुळ, आडनांव व बापाचें शेत सोडावें लागतें त्याचेंहि कांहीं दुखत असेलच. आपल्याकडे हेंच सर्व प्रत्येक मुलगी लग्नाच्या दिवशीं सोडते आणि त्याबद्दल कोणी प्रबंध लिहीत नाहीं, ही गोष्ट निराळी. निघतांना आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें कीं जुन्या गांवाची आठवण येते का? त्यांनीं हाताचा कोयता खालीं ठेवला, शेताच्या पलीकडे बोट दाखविलें आणि सांगितलें कीं तेथून दिसतो. पाऊण कोसाचें अंतर होतें. तेवढें मास्तरांच्या वाट्याला आलें नसतें हें खरें. पुणें कोंकणांतून दिसत नाहीं.

परत आल्यावर आम्ही कोंकणांत गेलों. आत्याचा मुलगा, आमचा आतेभाऊ, तेव्हां चौसष्टीच्या घरांत होता. त्याच घरांत, त्याच पोफळींत. आम्हीं त्याला सर्व हकीकत सांगितली, आणि निबंधाची गोष्टहि सांगितली, जी त्याला आधींपासून ठाऊक होती. तो अडकित्त्यानें सुपारी कातरीत होता. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें कीं ती मुलगी त्या गृहस्थांना काका म्हणे, तें त्यांना चाले का? आम्हीं म्हटलें, चालत असावें, तिनें हांक मारतांच ते उठले होते.

‘मी सात वर्षांचा होतों,’ तो म्हणाला. ‘मास्तर इकडे आले असते तर मी त्यांना काय म्हटलें असतें, याचा मी खूपदां विचार केला आहे.’ आणि कातरलेल्या सुपारीची वाटी त्यानें आमच्यापुढें सरकविली.